गाडीच्या डॅशबोर्डवरचे चार दिवे एकदम लागले, तर आधी काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात कासारवडवलीहून माजिवड्याकडे येताना भर पावसात बॅटरी, एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि चेक इंजिन हे चारही दिवे एकदम लागले आणि गॅरेजवाला थेट ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदलायला सांगतोय. त्याला आत्ताच हो म्हणू नका. चार वेगवेगळे भाग एकाच क्षणी सहसा बिघडत नाहीत. बिघडते ती चौघांना लागणारी एकच गोष्ट, आणि ती बहुतेक वेळा व्होल्टेज असते. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर भरपूर करंट खेचते, म्हणून व्होल्टेज पडलं की ती लगेच तक्रार करते. पाठोपाठ एबीएसचं युनिट स्वतःला बंद करून घेतं. तुमच्या चारांत बॅटरीचा दिवा आहे, माझा संशय म्हणूनच चार्जिंगवर आहे.

तोवर गाडी चालवायची का? बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर गाडी साठलेल्या चार्जवर चाललीय असं धरा. दिवसाउजेडी, एसी बंद ठेवून जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनपर्यंत जा, पण संध्याकाळच्या घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये हेडलाइट-वायपर लावून अजिबात निघू नका. ऑइलचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर तिथेच इंजिन बंद. एबीएससोबत ब्रेकचा लाल दिवाही असेल तर गाडी टो करा, कारण तेव्हा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारी ईबीडी बंद पडलेली असू शकते.

आता तपासणी. साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावा. तेव्हाही आकडा बारावरच रेंगाळत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), त्याचा बेल्ट किंवा त्याची वायर पाहायची. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरी काढणारे मेकॅनिक अजून भेटतात. ते करू देऊ नका. व्होल्टेजच्या उसळीने धडधाकट ईसीएम जळू शकतो.

आकडे ठीक आले तर अर्थिंग बघा. मला वाटतं सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या काळ्या वायरींचे बोल्ट आपल्याकडच्या पावसात आणि खाडीच्या दमट हवेत गंजतात. वायर वरून चांगली दिसते आणि आत हिरवी पडलेली असते. इंजिन चालू, सगळं लोड लावलेलं, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. वायर ब्रशने घासून बोल्ट आवळला की अनेकदा सगळे दिवे जातात, खर्च नावापुरता.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. कोड आधी पुसायचे नाहीत. सगळ्यांचा फोटो काढून ठेवा. P0562 म्हणजे व्होल्टेज कमी. U ने सुरू होणारे बरेच कोड एकत्र आले तर युनिटांचं एकमेकांशी बोलणं तुटलंय, आणि तेही व्होल्टेज पडल्यामुळे होऊ शकतं. C0035 सारखा एकच कोड असेल तर पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर किंवा त्याची वायर. त्या एका सेन्सरमुळे एबीएस, ट्रॅक्शन आणि हिल असिस्ट असे तीन दिवे लागू शकतात. बॅटरीचा दिवा मात्र त्याने लागणार नाही.

पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी नेली होती का? मग बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स आणि ईसीएमचा कनेक्टर उघडून ओल आणि पिनांवरचा हिरवट गंज पाहायला सांगा. आणि गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: ईसीएमच्या कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थ मोजले का, किती आले? आकडे सांगता आले नाहीत तर गाडी दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. बहुतेक गाड्यांत नवा ईसीएम चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या लॉकशी) जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च वेगळा. तोही आधीच विचारून घ्या.