वाचकांचे प्रश्न: वॉल्टर व्हाइट खरंच मजबूर होता का?

प्रश्न: मी आणि आमचे मिस्टर ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन सिरीयल दुसऱ्यांदा बघतोय आणि रोज जेवताना वाद. ते म्हणतात वॉल्टर बिचारा शाळेत केमिस्ट्री शिकवणारा मास्तर, त्यात कॅन्सर, अमेरिकेत दवाखाना परवडत नाही, ड्रग्ज नाही बनवणार तर काय करणार? मला तो पहिल्यापासून आतल्या गाठीचा वाटतो. तुम्हीच सांगा. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ताई, निकाल तुमच्या बाजूने. पण मिस्टरांना आत्ताच सांगू नका, आधी पहिल्या सीझनचा पाचवा एपिसोड परत लावून द्या. एलियटच्या वाढदिवसाची पार्टी आहे. एलियट म्हणजे जुना मित्र, दोघांनी मिळून ग्रे मॅटर कंपनी काढलेली, नंतर वॉल्टर आपला हिस्सा ५ हजार डॉलरला विकून बाहेर पडला आणि कंपनी अब्जावधीची झाली. तर त्या बंगल्यात भारीभारी गिफ्टांचा ढीग आणि आपल्या मास्तरांनी आणलंय काय, तर नूडल्सचं पाकीट! पूर्वी दोघं तेच खाऊन दिवस काढायचे म्हणून. एलियट मनापासून खूश होतो, पण ते पाकीट सगळ्यांसमोर उघडत असताना वॉल्टरचा चेहरा बघा, धरणी पोटात घेईल तर बरं असा. मग एलियट नोकरी देऊ करतो, वर चांगला इन्शुरन्स. म्हणजे उपचाराचा प्रश्न तिथेच मिटला की हो! पण बायकोने, स्कायलरने, एलियटला आजाराचं सांगितलंय हे लक्षात येतं, साहेबांचा इगो दुखावतो, सरळ नाही म्हणतात आणि एपिसोडच्या शेवटी ड्रग्जच्या धंद्यातला साथीदार जेसीच्या दारात हजर. घरी मात्र थाप मारतात की पैसे एलियट देतोय.

मिस्टरांचं एवढं खरं की परिस्थिती वाईटच होती. शाळेच्या पगारात भागत नाही म्हणून कार वॉशमध्ये दुसरी नोकरी, तिथे स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसायला लागतात आणि त्याची मैत्रीण फोनवर हसत हसत ते कोणालातरी सांगते. राग येणारच. पण दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला हाच माणूस मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, महागाई सगळं धरून हिशोब करतो, ७ लाख ३७ हजार डॉलर झाले की बस. पुढे ड्रग्जचा मोठा व्यापारी गस, त्याच्या लॅबमध्ये तीन महिन्यांचे ३० लाख डॉलर मिळतात, मग का नाही थांबला? आणि शेवटच्या एपिसोडमध्ये (पहिल्यांदा बघणाऱ्यांनी एवढं वाक्य सोडा) स्कायलरसमोर तो स्वतःच कबूल करतो की हे मी माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं. आरोपीच कबूल झाला म्हटल्यावर वकिली कसली करायची!

प्रश्न: सगळे डोक्यावर घेतात म्हणून सुरू केली, पण फार स्लो आहे. सोडून देऊ का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: पहिला सीझन ७ एपिसोडचाच आहे, हॉलीवूडच्या लेखकांचा संप झाला म्हणून आखडला. तेवढा संपवा. दुसऱ्या सीझनमध्ये व्हीलचेअरवरचा एक म्हातारा येईल, एक शब्द बोलत नाही, नुसती घंटी वाजवतो, तिथे हात घामेजले नाहीत तर खुशाल सोडा. गंमत म्हणजे वॉल्टर झालेला ब्रायन क्रॅन्स्टन तोपर्यंत लोकांना कॉमेडी सिरीयलमधला बावळट बाप म्हणून माहीत होता, चॅनलवाले त्याला घ्यायला कचरत होते, पण सिरीयलचा कर्ता व्हिन्स गिलिगनने १९९८ च्या ‘एक्स फाइल्स’च्या एका भागात त्याचं काम बघितलं होतं, तो हटून बसला.

प्रश्न: स्कायलर एवढी डोक्यात का जाते? नवरा घरासाठीच करतोय ना सगळं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दादा, पहिलं उत्तर वाचलंत ना? नवरा रात्र रात्र गायब, दुसरा मोबाइल, ती पोटुशी, आणि तिने विचारायचं पण नाही? गोष्ट आपण वॉल्टरच्या खांद्यावरून बघतो म्हणून जो आडवा येईल तो आपल्याला खुपतो, हीच तर लिहिणाऱ्यांची चलाखी. स्कायलर झालेल्या ॲना गनला लोकांनी इतके शिव्याशाप दिले की तिने २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी तिला एमीही मिळाला, बरं झालं.

प्रश्न: मुलगा पंधरा वर्षांचा, बघू का म्हणतोय. बघून कोणी घरी ते निळं ड्रग वगैरे बनवू शकतं का? (एक आई, ठाणे)

उत्तर: नाही हो, कृतीतल्या पायऱ्या मुद्दामच गाळल्यात, आणि सेटवरचं ते निळं म्हणजे अल्बुकर्कीच्या मिठाईवालीकडची खडीसाखर! खरा माल जितका शुद्ध तितका पांढरा, निळा रंग सिरीयलवाल्यांचा. काळजी करायचीच तर हाणामारीची आणि प्रेतांची करा, पहिल्याच सीझनमध्ये बाथटबचा एक सीन आहे तो जेवणाच्या वेळी लावू नका. माझ्या मते दोनेक वर्षं थांबू दे त्याला.

प्रश्न: ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या सॉल वकिलावरची ‘बेटर कॉल सॉल’ ही सिरीयल आधी बघितली तर चालेल? गोष्ट आधीची आहे ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: आधीची आहे पण नंतरच बघा. त्यातले ब्लॅक अँड व्हाइट तुकडे ‘ब्रेकिंग बॅड’ संपल्यानंतरचे आहेत, ते डोक्यावरून जातील. ६२ एपिसोड संपले की जेसीचं पुढे काय झालं त्यासाठी ‘एल कामिनो’ हा २०१९ चा सिनेमा, आणि मग सॉल, तो मात्र निवांत, घाई करून बघायचा प्रकार नाही.