सुईण मिळत नाही, दिवस जुलैत भरतात

प्रश्न: अक्का, आमचं गाव जांबोटीच्या पलीकडे, रानात. मला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा चालू आहे. पहिल्या खेपेला दवाखान्यात फार हाल झाले. सिस्टर अंगावर ओरडायच्या, सासूबाईंना दारातच थांबवलं. त्यांची स्वतःची बाळंतपणं मात्र गावच्या सुइणीनं घरीच केली होती. ती आता थकली, डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्या हाताखाली कुणी शिकलं नाही. बेळगावहून घरी येणारी सुईण मिळेल का? जुलैअखेरची तारीख दिलीय.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: पोरी, सुईण शोधण्यात हे दोन महिने घालवू नकोस. सरकारनं 2018 मध्ये नर्सिंग झालेल्यांना दीड वर्षाचं सुईणपणाचं शिक्षण द्यायचं ठरवलं खरं, पण त्यांची नेमणूक दवाखान्यातच. त्या जांबोटीच्या रानात यायच्या नाहीत. जुन्या सुइणींची मला कदरच आहे. आपल्याच कर्नाटकातल्या पावगडच्या नरसम्मांनी पंधरा हजारांवर बाळंतपणं फुकट केली, 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्या गेल्या.

तुला वाटत असेल, दुसरी खेप आहे, सहज होईल. बाळ सहज येईलही. मला भीती आहे ती त्यानंतरच्या दोन तासांची. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, आणि अंगावरून अर्ध्या लिटरवर गेलं की धोका सुरू. बेंबीखाली हात ठेवला तर गर्भाशय नारळासारखं टणक लागायला हवं. दवाखान्यात बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच. घरी हे ओळखणारं कुणी नाही, आणि भर पावसाळ्यात, हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ पाण्याखाली गेलेल्या दिवसांत, गाडी वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या खेपेला कळाही भरभर वाढतात.

म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच गाव सोड. तारीख दोन आठवडे मागेपुढे व्हायचीच. गडचिरोलीकडे दवाखान्याच्या आवारातच 'माहेरघर' असतं, बाई आधीपासून तिथं येऊन राहते. तुला तसं घर मिळालं नाही तर खानापुरात नाहीतर बेळगावात मावशी, नणंद, कुणीही चालेल. आपल्या माणसांत लाज कसली?

आता वागणुकीचं. ओरडणं, मांडीवर चापट मारणं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याला कामाच्या ताणाचं कारण देणाऱ्यांचं मला पटत नाही. पण सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाई थांबू द्यायची, हे केंद्रानं 2016 मध्येच मान्य केलंय. आठव्या महिन्यात आशाताईला घेऊन जा, लेबर रूम बघ, 'सासूबाई आत असतील' असं तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेव. ऐन वेळी दारात भांडून काही होत नाही. कळा सुरू असताना फिरायला, पेज प्यायला मिळेल का, तेही विचार. सरकारी दवाखान्यात सिझर झालं तरी पैसे लागत नाहीत. औषधं, रक्त, जेवण, गाडी, सगळं फुकट. कुणी मागितले तर 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव घे.

एवढं करूनही घरीच कळा लागल्या तर आधी 108 लावा. बाळ आलंच तर सासूबाईंनी साबणानं हात धुवावेत, बाळाला कोरड्या फडक्यानं खसखसून पुसावं आणि तुझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण घालावं. लगेच अंगावर पाजायचं, त्यानं गर्भाशयही आवळतं. गाडी येत असेल तर नाळ कापायची घाई नको. वार ओढायची नाही, पोट दाबायचं नाही. नाळेला हळद, राख, शेण काही लावायचं नाही. घुटी-मध नको, आंघोळही त्या दिवशी नको. तायी कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांची नोंद असते ते) आणि कपड्यांची पिशवी आत्तापासून दाराशी ठेव.

आणि या आठवड्यातच रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन अकराच्या खाली असेल तर तेवढाच रक्तस्राव तुला जास्त जड जाईल. सातच्या खाली असेल तर थांबू नकोस, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. शी काळी झाली तर घाबरून गोळ्या बंद करू नकोस, ती गोळ्यांमुळेच होते.