आईची खुर्ची खिडकीकडे वळवा

प्रश्न : आई ७९ वर्षांची आहे, अल्झायमरचं निदान होऊन चार वर्षं झाली. दुपारभर पेंगते आणि दिवेलागणीला दाराशी जाऊन ‘मला घरी सोड’ म्हणते. रात्रीही जागीच. प्रखर प्रकाशाच्या दिव्याने गुण येतो म्हणतात. घेऊ का? की झोपेसाठी मेलाटोनिन या संप्रेरकाची गोळी सुरू करू?

उत्तर : ताई, आधी सांगा, आई दिवसभर बसते कुठे? माझे वडील खिडकीकडे पाठ करून बसायचे. मी स्वतः परिचारिका, तरी हे लक्षात यायला मला आठ महिने लागले.

झोप-जागेचं घड्याळ मेंदूत असतं आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज जुळतं. अल्झायमरमध्ये त्या घड्याळाच्या पेशीही झिजतात. शिवाय म्हातारपणी डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि घड्याळाला हवा असलेला निळसर उजेड अडवतं. घरात दिवसा जेमतेम १०० ते ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार.

नेदरलँड्समधल्या १२ वृद्धनिवासांत १८९ जणांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दिवाणखान्यात दिवसभर सुमारे १००० लक्स उजेड ठेवल्यावर उदासी कमी झाली, बौद्धिक घसरणही किंचित मंदावली. किंचितच. इतर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे हरवलेली आठवण परत येईल ही आशा दिव्यावर टाकू नका. त्याच अभ्यासात नुसतं मेलाटोनिन घेणाऱ्यांना झोप लवकर लागली, पण त्यांचं मन खिन्न झालं. म्हणून गोळी स्वतःहून सुरू करू नका.

सकाळी तासभर आईला बाहेर किंवा खिडकीजवळ बसवा, तोंड उजेडाकडे. ते जमतच नसेल तर दिवा घ्या, अतिनील किरण गाळणारा. तो समोर, जरा बाजूला ठेवा. टक लावून बघायची गरज नाही. पण आधी नेत्रतज्ज्ञांना विचारा, विशेषतः डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार असेल तर. उन्माद येऊन गेला असेल किंवा उजेडाची संवेदना वाढवणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. डोकं दुखलं, चिडचिड वाढली तर थांबवा.

संध्याकाळी अंधारायच्या आधीच खोलीतले दिवे लावा, पडदे ओढा. काचेतल्या सावलीला वडील घाबरत, हे मला फार उशिरा कळलं. झोपायच्या आधी मात्र उजेड मंद करा. वडिलांची खुर्ची वळवल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा पहाटे चारपर्यंत झोपले. त्यांचंही ‘घरी सोड’ थांबलं नाही, पण दाराशी जाणं कमी झालं.