घरच्या बागेत तंबाखूच्या वेगवेगळ्या जाती लावायच्या असतील तर

तुमचा प्रश्न असा: बागेत एक वाफा मोकळा आहे, त्यात तंबाखूच्या चार-पाच जाती शेजारी शेजारी लावून बघायच्या आहेत. कोणत्या निवडाव्यात, त्या एकमेकींत मिसळतील का, आणि पलीकडच्या वाफ्यात टोमॅटो-मिरची आहे ती चालेल का? मी बरेच हंगाम ही झाडं वाढवतो आहे, थोडी पानासाठी आणि जास्त फुलांसाठी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुख्य गोष्ट. पाकिटावरचं वाणाचं नाव निम्मंच काम करतं. उरलेलं निम्मं काम दोन झाडांमधलं अंतर, खत, शेंडा खुडणं आणि पान सुकवण्याची पद्धत यांचं असतं. अमेरिकेतल्या कनेटिकट खोऱ्यात सिगारच्या बाहेरच्या आवरणासाठी तंबाखू पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवायची पद्धत रुजली. सावली मिळाली की पान रुंद, पातळ आणि नाजूक होतं. तेच झाड उघड्यावर लावलं तर पान जाड आणि खरखरीत येतं. त्यामुळे चार जाती आणून सगळ्यांना सारखं अंतर, सारखं पाणी, सारखं खत दिलंत, तर हंगामाच्या शेवटी तुम्हाला एकाच प्रकारची पानं दिसतील आणि ‘एवढा काही फरक नसतो’ असं वाटेल. फरक असतो, पण प्रत्येक जातीला तिचं तिचं वागवणं मिळालं तरच तो दिसतो.

तंबाखूच्या वंशाचं शास्त्रीय नाव निकोटियाना, त्यात सत्तरहून जास्त प्रजाती आहेत. पानासाठी जगभर लावतात त्यातल्या दोनच, टबॅकम आणि रस्टिका. व्हर्जिनिया, बर्ली, ओरिएंटल, सिगारची तंबाखू ही सगळी टबॅकमचीच घराणी. टबॅकम स्वतः सिल्व्हेस्ट्रिस आणि टोमेंटोसिफॉर्मिस या दोन दक्षिण अमेरिकी प्रजातींच्या संकरातून आली. दोघींची २४-२४ गुणसूत्रं एकत्र येऊन तिची ४८ झाली. हे इथे मुद्दाम सांगतोय, कारण यातली एक आई, सिल्व्हेस्ट्रिस, तुम्ही बागेत लावावी असं मला मनापासून वाटतं.

पहिल्यांदा लावणाऱ्याला मी बर्लीच सुचवतो. १८६४ मध्ये ओहायोतल्या एका शेतात हरितद्रव्य कमी असलेली फिकट रोपं निघाली आणि त्यातून पांढरी बर्ली पुढे आली. खोड आणि पानाची मधली शीर दुधट पांढरी, पान फिकट हिरवं, त्यामुळे बाकीच्या झाडांत ती लांबूनही ओळखू येते. हरितद्रव्य कमी म्हणून तिची नत्राची भूक मोठी, तिला शेणखत सढळ हाताने द्या. तिचा मोठा गुण असा की पान सुकवायला फक्त सावली आणि वारा लागतो. भट्टी नको, काही नको.

ओरिएंटल घराण्यात इझमीर, सॅमसुन, बस्मा अशी नावं भेटतील. हिचं सगळंच बर्लीच्या उलट. पानं लहान, कधी तळहातापेक्षाही छोटी, आणि सुगंध त्या लहानपणातच असतो. झाडं दाट लावायची, वीतभर अंतरावर. खत जवळजवळ द्यायचंच नाही, पाणीही हात राखून. शेंडा सहसा खुडत नाहीत. पानं दोऱ्यात ओवून उन्हात वाळवायची. लाड केले तर पान मोठं होतं आणि वास जातो. कुंडीत लावायची असेल तर हीच लावा, सात-आठ लिटरची कुंडी पुरते. बर्ली किंवा व्हर्जिनियाला मात्र पंधरा-वीस लिटरच्या खाली जाऊ नका.

व्हर्जिनियाबद्दल लोकांना सगळ्यात जास्त ओढ असते, पिवळ्याधमक पानामुळे. पण तो पिवळा रंग शेतात तयार होत नाही, भट्टीत होतो. १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या स्लेड कुटुंबाच्या शेतावर स्टीफन नावाच्या एका गुलाम कामगाराने विझत आलेल्या आगीत कोळसा घातला, एकदम वाढलेल्या उष्णतेने पान पिवळं राहिलं, आणि तिथून ही पद्धत सुरू झाली असं सांगतात. आजही सुमारे ३५ अंशांपासून सुरू करून पुढे ७० अंशांपर्यंत, जवळपास आठवडाभर तापमान हळूहळू चढवत न्यावं लागतं. घरी हे जमवणं कठीण. हवेत वाळवलेलं व्हर्जिनियाचं पान तपकिरीच होतं. झाड देखणं आहे, गुलाबी फुलांचे झुबके येतात, तेवढ्यासाठी एखादं लावायला हरकत नाही.

आता सिल्व्हेस्ट्रिस. दीड मीटरपर्यंत उंच, तळाशी मोठ्या पानांचा घेर, आणि वर खाली मान घालून लोंबणारी लांब नळीची पांढरी फुलं. दिवसा तिच्याकडे कुणी बघणार नाही, पण अंधार पडायला लागला की वास सुटतो आणि लांब सोंडेचे पतंग तिथे घिरट्या घालतात. बसायच्या जागेजवळ लावा. तिच्याबरोबर याच वंशातली लॅंग्सडॉर्फी लावली तर आणखी मजा. पोपटी रंगाच्या इवल्या घंटा आणि आत निळसर परागकण. वास नाही, पण जवळ जाऊन पाहण्यासारखं फूल आहे.

रस्टिका मात्र विचार करून लावा. झाड बुटकं, पान गोलसर आणि देठाचं, फूल हिरवट पिवळं. टबॅकममध्ये निकोटिन साधारण १ ते ३ टक्के असतं, रस्टिकात ते ९ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. घरात लहान मुलं किंवा मोकळं फिरणारं जनावर असेल तर मी ती लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नका.

बी पेरताना हात जपून चालवा. एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया बसतात, अक्षरशः धूळ. बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरायच्या आणि वर माती अजिबात टाकायची नाही, कारण उगवायला उजेड लागतो. पाणी खालून ताटलीतून द्या, वरून ओतलं तर बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. २० ते २७ अंशांत आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसू लागतात. मग बरेच दिवस काहीच घडत नाही असं वाटतं. रोप त्या काळात मुळं करत असतं, खताची घाई नको. दाट झालं आणि हवा कोंडली की रोपं बुडाशी कुजून आडवी होतात, म्हणून वेळेवर विरळणी करा. आणि नावाच्या पट्ट्या पेरणीच्याच दिवशी लावा. टबॅकमच्या जाती त्या वयात एकमेकींपासून ओळखू येत नाहीत.

साधारण दीड-दोन महिन्यांनी रोप वीतभर झालं की संध्याकाळी लावणी करा. मोठ्या पानांच्या जातींना ६० ते ९० सेंटिमीटर अंतर हवं. रुजेपर्यंत पाणी नियमित, नंतर कमी, म्हणजे मुळं खोल जातात. साचलेलं पाणी या झाडाला मुळीच सोसत नाही, दिवसभर मुळं पाण्यात राहिली तरी पानं लोळागोळा होतात. पोटॅश द्यायचं तर सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोरीन असतं आणि त्याने पानाची प्रत बिघडते.

शेंडा खुडणं हे मला या झाडाचं सगळ्यात आवडतं काम. कळ्यांचा झुबका वर आला आणि पहिली दोन-चार फुलं उमलली की वरचा भाग बोटांनी मोडायचा. कोवळा असताना तो कट्‌कन तुटतो. उशीर केलात तर दोरा निघतो आणि चाकू लागतो. बोटांना चिकट डिंक लागतो, थोड्या वेळात तो काळा पडतो आणि साध्या धुण्याने जात नाही. खरी गंमत पुढे आहे. निकोटिन पानात तयार होत नाही, मुळांत होतं आणि तिथून वर चढतं. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम बांधलं तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन सापडतं. उलट टोमॅटोच्या मुळावर बांधलेल्या तंबाखूत ते जेमतेम असतं. शेंडा मोडला की मुळं जोर धरतात, निकोटिन वाढतं, आणि बियांकडे जाणारा सगळा रस पानांत उतरून ती जाड होतात. आठवड्याभरात प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवे निघतात. ते काढत राहिलं नाही तर खुडणी फुकट गेली म्हणा.

टोमॅटो-मिरचीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शक्य तितकं लांब लावा. ही एकाच कुळातली भावंडं, रोगही वाटून घेतात. त्यात सगळ्यात चिवट तंबाखूचा केवडा, म्हणजे मोझॅक विषाणू. पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे आणि सुरकुत्या येतात. विषाणू म्हणून काही वेगळं असतं हे माणसाला कळलं ते याच रोगामुळे: १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीने दाखवलं की जिवाणू अडकतात अशा गाळणीतूनही रोग पार जातो, १८९८ मध्ये बायरिंकने त्याला वेगळं नाव दिलं, आणि १९३५ मध्ये स्टॅनलीने त्याचे स्फटिक केले. त्याला पसरायला किडा लागत नाही, तुमचे हात पुरतात. वाळलेल्या पानातही तो वर्षानुवर्षं टिकतो, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय दोन्ही वाफ्यांना हात लावू नये. आधी टोमॅटोचं काम उरका, मग तंबाखूकडे जा. लागण झालेलं झाड मुळासकट उपटा आणि कंपोस्टमध्ये टाकू नका. वांगी, बटाटा, मिरची, टोमॅटो, तंबाखू हे फिरून त्याच वाफ्यात यायला तीन-चार वर्षं जाऊ द्या.

किडींसाठी रोज सकाळी पानं उलटून पाहणं पुरेसं आहे. पानाखाली तपकिरी लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला तर ते पान तसंच तोडून टाका. तो सुटला तर शेकडो अळ्या निघतात आणि दोन रात्रींत पानांच्या जाळ्या होतात. बऱ्याच ठिकाणी ‘तंबाखूचं पाणी उकळून फवारा’ असा सल्ला मिळेल. तो कृपा करून ऐकू नका. निकोटिनचा अर्क माणसालाही विषारी असतो, कातडीतून आत जातो, आणि त्या पाण्यातून विषाणू थेट टोमॅटोवर जाऊ शकतो. ओल्या हिरव्या पानांत उघड्या हातांनी काम केल्यानेही मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर असा त्रास होतो. शेतमजुरांमध्ये तो सर्रास दिसतो. दव वाळू द्या, लांब बाह्या आणि हातमोजे घाला. घरची तंबाखू रसायनांविना वाढवली म्हणून ती ओढायला किंवा खायला कमी घातक ठरत नाही, कर्करोग घडवणारी द्रव्यं त्या पानातच असतात. लावण्याआधी तुमच्याकडचा कायदाही बघा. काही देशांत घरापुरती झाडं चालतात, काही ठिकाणी परवान्याशिवाय एकही चालत नाही.

पानं खालून वर पिकत जातात. पिकलेलं पान टोकाकडे वळतं, त्यावर पिवळे डाग उमटतात आणि दुमडलं की आवाज करून मोडतं. सुकवताना घाई केली की हिरवा रंग आतच अडकतो आणि मग कधीच जात नाही. पान आधी जिवंतपणी पिवळं व्हायला हवं, मग तपकिरी. त्यासाठी हवेत ६५ ते ७० टक्के दमटपणा चांगला. फार दमट झालं तर बुरशी. बर्लीला सावलीत सहा ते आठ आठवडे लागतात. मधली शीर काडीसारखी कडकन मोडली की झालं. अशा पानाला कोरड्या हवेत हात लावू नका, चुरा होईल. दमट सकाळी ते मऊ पडतं तेव्हाच उतरवा.

राहिला मिसळण्याचा प्रश्न. या वर्षीच्या पानांवर त्याचा काहीच परिणाम नाही, फक्त बी धरणार असाल तरच काळजी. टबॅकम बहुतांशी आपलं आपणच फळते, तरी मधमाश्या थोडी भेसळ करतातच. रस्टिका आणि टबॅकम सहजी एकत्र येत नाहीत. वेगळ्या प्रजातींचा संकर कसा होतो हे पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने तपासलं गेलं तेही याच वंशात: १७६० च्या सुमारास कोलरॉयटर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने रस्टिका आणि पॅनिक्युलाटा या दोन प्रजातींचा संकर केला, आणि रोपं दोघींच्या मधली निघाली पण जवळजवळ वांझ. तुम्ही प्रत्येक जातीचं एक झाड न खुडता ठेवा. उमललेली फुलं काढून टाका आणि कळ्यांच्या झुबक्यावर बारीक मलमलची पिशवी सैलसर बांधा. बोंडं तपकिरी झाली की झुबका कापून कागदावर उलटा धरा. एका झाडातून लाखभर बिया मिळतात. नीट वाळवून, जातीचं नाव आणि वर्ष लिहून, बंद बाटलीत थंड जागी ठेवल्यात तर दहा वर्षांनीही त्या उगवतील.