पहिल्या दिवशी मोजे

परभणीत बास्केटबॉलची नवीन टीम हाती घेतोयस हे कळलं, फार बरं वाटलं. एक ऐक, पहिल्या दिवशी लेकरांच्या हातात बॉल देऊ नकोस.

जॉन वुडन हे अमेरिकेतले बास्केटबॉल कोच. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. त्यांच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघानं 12 वर्षांत 10 राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. ते पहिल्या सरावाला शिकवायचे काय, तर मोजे घालायला! चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. आपल्याकडं तर एप्रिलमध्ये सिमेंटचं कोर्ट तव्यासारखं तापतं. मी खाली बसून प्रत्येकाच्या टाचेवरून बोट फिरवून बघतो. ज्याच्याकडं मोजेच नाहीत, त्याला चारचौघांत विचारू नको. पिशवीत एक जोड जास्तीचा ठेव.

दुसरी गोष्ट याहून मोठी. 1947 मध्ये वुडन इंडियाना स्टेट या कॉलेजचे कोच होते. राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण तिथं कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर होता. वुडननी बोलावणंच नाकारलं. पुढच्या वर्षी बंदी उठली, वॉकर खेळला.

तुझ्याकडं वस्तीवरची, तांड्यावरची पोरं येतील. पाण्याचा जार सगळ्यांना एकच ठेव. कुणी एखाद्याला वेगळं बसवायला सांगितलं, तर ती मॅच सोडून दे. मी एकदा जिंकायच्या नादात गप्प बसलो होतो. ते लेकरू परत ग्राउंडवर आलंच नाही.