गोळी घेतली, आता पाळी कधी येणार?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पितंय, पाळी दोनदा येऊन गेली. शनिवारी रात्री कंडोम फाटला. गावातल्या मेडिकलमध्ये सगळे ओळखीचे, धीरच झाला नाही, सोमवारी दुपारी बसनं बेळगावला जाऊन दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची आय-पिल गोळी आणली आणि स्टँडवरच घेतली. जाऊबाई म्हणतात ती गर्भ पाडायची गोळी, पुढं मूल होत नाही. आज आठ दिवसांनी थोडं लाल गेलंय, ही पाळीच का? लई भ्या वाटायलंय.

उत्तर : ताई, घाबरू नका वो. बाळाला पाजत राहा, या गोळीनं दुधाला काही होत नाही.

जाऊबाईंचं म्हणणं खरं नाही. दर महिन्याला अंडाशयातून अंडं बाहेर पडतं, त्याच्या आधी एलएच नावाच्या हार्मोनची लाट येते, आणि ही १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ती लाटच अडवते नाहीतर पुढं ढकलते, मग अंडं आतच थांबतं. पुरुषाचं बीज पोटात पाच दिवसांपर्यंत जगू शकतं, तोवर अंडं आलंच नाही तर दोघांची गाठ पडत नाही, एवढंच तिचं काम. आधीच गर्भ राहिला असेल तर ही गोळी त्याला पाडत नाही, इजाही करत नाही. पाडायच्या गोळ्या वेगळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. आणि पुढं मूल होत नाही हे तर साफ खोटं, पुढच्या पाळीच्या आतच परत दिवस राहू शकतात, म्हणून कंडोम सोडू नका.

तुम्ही साधारण ३९-४० तासांनी घेतली, ७२ तासांच्या आत आहे. पण अंडं आधीच सुटलं असेल तर गोळी काही करू शकत नाही, म्हणून जितकी लवकर तितकी बरी, आणि लाजेपायी गेलेले ते दीड दिवस माझ्या मनाला फार लागले. आशाताईंकडंही ही गोळी असते, पुढच्या वेळी त्यांना विचारा. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. टीबीची रिफॅम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर हिचा असर कमी होतो, तसं असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं.

आता लाल गेलं ते. ती पाळी धरू नका, या गोळीनंतर मधेच थोडं जाऊ शकतं. खरी पाळी काही दिवस पुढंमागं होईल. आठवड्याहून जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेलं तर प्रेग्नन्सी टेस्ट करा, आणि त्या शनिवारपासून तीन आठवडे झाल्यावर केलेली टेस्ट खात्रीची. एका बाजूनं पोटात जोरात दुखलं तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना.

अंगावर पाजतोय म्हणजे दिवस राहत नाहीत असं बऱ्याच जणी धरून चालतात. ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं, तेही पाळी आली नसेल आणि बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तरच, तुमचं ते दिवस संपले. ही गोळी दर महिन्याची नव्हे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कॉपर-टी फुकट बसवतात, १० वर्षं चालणारी मिळते, आणि असा प्रसंग घडल्यावर पाच दिवसांत बसवली तर गोळीपेक्षाही पक्की. या वेळी ते पाच दिवस उलटून गेलेत, पण पाळी आली की विचारून या.

टेस्टचं कार्ड आत्ताच आणून ठेवा. दुकानदार कन्नडच बोलणारा असला तरी नुसतं 'प्रेग्नन्सी कार्ड' म्हटलं की देतो.