डोक्यात कथा तयार आहे, पण लिहायला बसवत नाही. हा आळस आहे का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपासून एक कथा डोक्यात घोळतेय. तिच्यातली बाई कशी चालते, कशी बोलते, सगळं डोळ्यांपुढे आहे. तिचं शेवटचं वाक्यसुद्धा ठरलेलं आहे. पण लिहायला बसलं की आतून कुणीतरी मागे खेचतं आणि तुम्ही उठता, कपाट आवरायला लागता. घरचे याला आळस म्हणतात, आणि आता तुम्हालाही तसंच वाटायला लागलंय.

हा आळस नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. आळस असता तर कपाटही आवरलं गेलं नसतं. कष्टांना तुमची ना नाहीच, ना आहे ती एकाच कामाला, आणि नेमकं तेच तुम्हाला सगळ्यात जास्त करायचंय. जे काम मनातच नाही ते टाळताना कुणाचा जीव असा दोन-दोन वर्षं टांगणीला लागत नाही.

मी कथा लिहिते. पहिली कथा पूर्ण होण्याआधी जवळजवळ अकरा महिने मी फक्त 'लिहिणार' होते. रोज रात्री टेबलाशी बसायचे. पाण्याची बाटली भरून ठेवायचे, फाइल उघडायचे, अक्षरांचा आकार एकदा मोठा आणि एकदा लहान करून बघायचे. एक वाक्य टाइप करायचे आणि खोडायचे. पेपर हातात पडायच्या आधी परीक्षेच्या हॉलमध्ये पोटात जसं होतं, तसं व्हायला लागायचं. मग 'आज डोकं चालत नाही, उद्या सकाळी ताज्या मनाने बसू' असं ठरवून उठायचे. आणि उठल्याउठल्या पोटातली ती कालवाकालव थांबायची.

सगळी मेख इथे आहे. उठल्यावर जो मोकळेपणा वाटतो, तेच न लिहिण्याचं बक्षीस असतं. ते रोज मिळतं, ताबडतोब मिळतं, त्यामुळे मनाला त्याची सवय लागते. फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली चालढकलीबद्दल हेच मांडलं होतं, की तिचा संबंध वेळेच्या नियोजनापेक्षा त्या घटकेचं मन सावरण्याशी जास्त आहे. काम नकोसं नसतं. ते हातात घेताना जे वाटतं, ते नकोसं असतं. म्हणून नुसतं वेळापत्रक करून काही होत नाही. मी तीन वेळापत्रकं केली होती. कळत होतं, वळत नव्हतं.

आता ते जे वाटतं, ते नेमकं काय? माझ्यापुरतं मी याचं उत्तर शोधलंय, तुमचंही फार वेगळं नसावं. डोक्यातली कथा कधीच चुकत नाही. ती एकाच वेळी हळवीही असते आणि धारदारही. तिच्यातल्या माणसांच्या तोंडी अजून एकही बेगडी वाक्य आलेलं नसतं. पहिलं वाक्य कागदावर उतरलं की ती हजार शक्यतांमधली एकच उरते, आणि ती एक बहुतेक वेळा साधारण असते. मन कच खातं ते या उतरणीला. त्यातून एक भयंकर प्रश्नही डोकावतो: 'म्हणजे मला लिहिता येतच नाही की काय?' न लिहिलेल्या कथेला हा प्रश्न कुणी विचारू शकत नाही. तिथे आपण सुरक्षित असतो.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये भावाला, थिओला, लिहिलेल्या पत्रात कोऱ्या कॅनव्हासबद्दल लिहिलंय. तो कॅनव्हास मठ्ठपणे आपल्याकडे टक लावून बघत असतो, आणि भल्याभल्या चित्रकारांना त्याची भीती वाटते. त्याचा उपाय सरळ होता: काहीतरी फासून टाका त्याच्यावर.

हा उपाय प्रत्यक्ष कसा दिसतो ते विन्स्टन चर्चिलच्या एका आठवणीत आहे. हा प्रसंग मला फार जवळचा वाटतो. १९१५ साल. पहिल्या महायुद्धातली डार्डानेल्स या तुर्की सामुद्रधुनीवरची ब्रिटनची मोहीम फसलेली, नौदलाचं मंत्रिपद गेलेलं, वय चाळीस. मनाला दुसरीकडे गुंतवावं म्हणून चर्चिलने रंग आणले. समोर कोरा कॅनव्हास. आकाश निळं आहे इतकं तर दिसत होतं, म्हणून फिकट निळा रंग कालवला आणि अगदी लहान ब्रशने दाण्याएवढा एक ठिपका जपून उमटवला. तिथेच हात थबकला. तेवढ्यात हेझल लेव्हरी आल्या. त्या स्वतः चित्रकार, शिवाय चित्रकार जॉन लेव्हरी यांच्या पत्नी. कशासाठी थांबलात, असं विचारून त्यांनी मोठा ब्रश मागितला. तो टर्पेंटाइनमध्ये बुडवला, निळ्या-पांढऱ्या रंगात घोळवला आणि कॅनव्हासवर सपासप चार-पाच फटकारे ओढले. चर्चिलने पुढे लिहिलंय की कॅनव्हास उलटून काही करू शकत नाही हे तेव्हा उघड दिसलं आणि सगळा संकोच गळून पडला. त्यानंतरच्या आयुष्यात त्या हाताने पाचशेहून जास्त चित्रं काढली.

यातला कामाचा भाग बघा. हेझल लेव्हरींनी धीर दिला नाही, रंगांचे धडेही दिले नाहीत. त्यांनी कॅनव्हासचा कोरेपणा घालवला. एकदा तो गेला की खराब होण्यासारखं काही उरलंच नाही.

मी हेच कागदावर केलं. अकराव्या महिन्यात एका रात्री ठरवलं की आज कथा लिहायचीच नाही. आज फक्त एक पान खराब करायचं. संगणक बंद ठेवला, वापरलेल्या कागदांची पाठकोरी बाजू घेतली (कोऱ्या वहीला हात लावायला मी अजूनही बिचकते) आणि पंधरा मिनिटांचा गजर लावला. माझी कथा वडील गेल्यावर त्यांचं कपाट उघडणाऱ्या भावा-बहिणीची होती. त्या रात्रीचा कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर असं लिहिलंय:

'कपाट. किल्ली लागत नाही. भाऊ काहीतरी चिडून बोलतो, काय ते नंतर. बहीण गप्प. का गप्प? तिला माहितीये किल्ली कुठे आहे. तिला आधीपासून माहितीये.'

शेवटची दोन वाक्यं माझ्या डोक्यातल्या कथेत नव्हती. अकरा महिने मी जी कथा 'पूर्ण तयार' समजत होते, तिच्यात बहिणीला काहीच माहीत नव्हतं. 'का गप्प?' असं हाताने सहज लिहिलं आणि उत्तरही हातानेच दिलं. गजर वाजला तेव्हा मी तो बंद करून पुढे लिहीत होते. पोटातली कालवाकालव कधी थांबली ते कळलंही नाही.

तेव्हापासून माझा अनुभव असा आहे की हा आतला विरोध बसण्याच्या आधी आणि पहिल्या काही मिनिटांत सगळ्यात जोरात असतो. आपण नेमके तिथूनच उठतो, म्हणून तो ओसरतो हे आपल्याला कधी दिसतच नाही. मग त्याच्याशी कुस्ती खेळायची गरज उरत नाही. पंधरा मिनिटं तो शेजारी बसलेला चालेल. तो जाईल तेव्हा लिहीन असं म्हणू नका, तो असतानाच लिहा, आणि मुद्दाम वाईट लिहा. 'मुद्दाम' हा शब्द मी जपून वापरतेय. 'वाईट झालं तरी चालेल' असं म्हटलं की मन आतल्या आत चांगल्याची वाट बघत राहतं. 'आज वाईटच लिहायचंय' म्हटलं की परीक्षा रद्द होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो पहिल्या दिवसाइतकाच अवघड. त्याला मला एकच गोष्ट लागू पडली: चांगलं चाललेलं असताना, पुढचं वाक्य माहीत असताना थांबायचं. मी वाक्य अर्धवट सोडते. १९२८ मध्ये मारिया ओव्हस्यांकिना या संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना एखादं काम करायला दिलं आणि मध्येच थांबवलं, तर मोकळा वेळ मिळताच बरेचजण कुणी न सांगता त्याच कामाकडे वळत. अर्धं राहिलेलं काम माणसाला हाक मारतं. संपलेलं प्रकरण मारत नाही, आणि सुरूच न केलेलं तर मुळीच नाही. म्हणून दोन वर्षं मनात असूनही तुमची कथा तुम्हाला टेबलाकडे ओढत नाही, आणि कागदावरची चार वेडीवाकडी वाक्यं ओढतील.

वेळेबद्दल थोडंसं. 'रोज लिहीन' या संकल्पात पकडायला काही नसतं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे: अमुक झालं की तमुक करीन, असं जोडून ठरवलं तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. माझं ठरलेलं आहे, रात्री दात घासून झाले की गजर. इतकंच.

आणि एक विनंती, कथा कुणाला सांगू नका. सांगितली की ऐकणारा 'वा' म्हणतो, आणि लिहिण्याचं समाधान न लिहिताच मिळून जातं. हे माझं मत आहे, काहीजणांना सांगूनच सुचतं. पण दोन वर्षं अडलेल्या माणसाने निदान काही दिवस गप्प राहून बघावं.

एक शंका मात्र गंभीरपणे घ्या. रोज पंधरा मिनिटं असं बसून दोन-तीन आठवडे झाले, तरी हात जड राहत असेल, आणि केवळ लिहिणंच नाही तर वाचणं, गाणी, माणसं, कशातच रस वाटत नसेल, तर तो हा विरोध नव्हे. मग युक्त्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा. रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनोव यांची पहिली सिंफनी १८९७ मध्ये सपशेल पडली, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्यांच्या हातून फारसं काही लिहून झालं नाही. १९०० मध्ये त्यांनी निकोलाय डाल या डॉक्टरांकडे उपचार घेतले. पुढच्याच वर्षी त्यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) पूर्ण स्वरूपात सादर झाला, आणि तो त्यांनी डाल यांनाच अर्पण केला आहे. मदत घेऊन लिहिलेलं कमी आपलं होत नाही.

तुमच्या प्रश्नात मला हे काही जाणवत नाही. तुम्ही त्या बाईबद्दल ज्या ओढीने चार ओळी लिहिल्यात, त्यावरून ती तुमच्यात चांगली जिवंत आहे.

तेव्हा आज रात्री एवढं करा. सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच सोडून द्या, कथा पहिल्या वाक्यापासून लिहावी असा काही नियम नाही. तुम्हाला तिचं शेवटचं वाक्य माहीत आहे ना? एखाद्या पाठकोऱ्या कागदाच्या अगदी तळाशी ते लिहा. मग त्याच्या वरच्या ओळीत, मुद्दाम वाईट शब्दांत, ते बोलायच्या आधी ती बाई कुठे बघत होती ते लिहा.